आक्षेप नाही

८ जुलै
सार्वजनिक धोरणाचा तास. मॅडम आल्या नाहीत, ग्रुपवर लिंक टाकली. वर्गातली रेहाना अन् मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर, इयरफोन एकच. व्हिडिओ इंग्रजी, निम्मा डोक्यावरून. मग यूट्यूबवरचे नेहमीचे मराठीतले 'सर' लावले. छान सांगतात. एम.ए. असंच चाललंय. विद्यापीठात यायचं अन् मोबाइल बघायचा.

११ जुलै
आईचा फोन. वस्तीवरची शाळा बंद होणार, पोरं कमी म्हणून. सगळ्यांनी पैठण रोडपलीकडच्या शाळेत जायचं. धाकटी बहीण पिंकी तिसरीत. तो रोड मीसुद्धा जीव मुठीत धरून ओलांडते.
पप्पांना वाळूजला, कंपनीत फोन केला. ते निवांत. त्यांनी त्याच सरांचा व्हिडिओ पाठवला: निर्णय रद्द, काळजी नको.
व्हिडिओ जुना. दुसऱ्याच निर्णयाचा. तसं सांगितलं तर, "लाखो लोकं बघतेत त्याला. ती सगळी येडी हायत व्हय?"

१२ जुलै
रेहानाच्या घरी. तिनं सरकारी साइटवरून मूळ आदेश काढला. स्कॅन आडवं, मान वाकडी करून वाचलं. पालकसभेत आक्षेप घेता येतो. जे येणार नाहीत त्यांचा आक्षेप नाही, असं धरणार. सभा मंगळवारी.
सोपं करून गावच्या ग्रुपवर टाकलं. खाली परत तोच व्हिडिओ. पप्पांनीच टाकलेला.

१४ जुलै
गावी. सकाळपासून घरोघर. "रद्द झालंय की गं, सर बोललेत." बाप्ये शिफ्टला, बाया खुरपायला. सभेला आई अन् शेजारच्या कांताकाकू, बास.
मी बोलायला उठले तर शाळेच्या बाई हळूच म्हणाल्या, "तू पालक नाहीस, पोरी. माझा नाइलाज आहे."
मग आई बोलली. सभेत पहिल्यांदाच. "लेकरांनी रोड कसा वलांडायचा, त्येवढं सांगा." दोघींचं लिहून घेतलं. पण दोघीच.

१७ जुलै
बाईंनी फोनवर वाचून दाखवलं: 'बहुसंख्य पालकांचा आक्षेप नाही.' सोमवारपासून कुलूप.
सरांच्या व्हिडिओखाली लिहिलं, हा जुना आहे, तसं सांगा, आमची शाळा गेली. त्यांच्याकडून लाल बदाम आला. नुसता बदाम.

२१ जुलै
पिंकी काल गेली नाही, आजही नाही. आई रोडवर सोडायला थांबली तर तिचं काम जातं.
फोनवर पिंकी, "ताई, लई मोठ्या गाड्या हायत. मी नाय जाणार."


२३ जुलै
दुपारी पप्पांचा फोन, कंपनीतून. व्हिडिओबद्दल अवाक्षर नाही. "वर कुठं अर्ज करता येतो का गं आता? तू हेच शिकतीस ना?"
"बघून सांगते."
तेव्हापासून रेहाना अन् मी शोधतोय. एक व्हिडिओ म्हणतो मुदत संपली, दुसरा म्हणतो अजून आहे. सरकारी साइट उघडतच नाही. मॅडमना मेसेज केला, त्यांनीही एक लिंक पाठवली. व्हिडिओचीच.
पप्पांचा पुन्हा फोन येतोय. उचलला नाही अजून.