शनिवारचा फळा

बाई, परवा तुमची नात येऊन गेली. परळच्या खोलीत पायांवर आडवी घेऊन तुम्ही जिला न्हाऊ घालायचात, ती आता साठीची झाली आहे. इस्राएलला असते. मराठी मात्र अजून तुमच्या स्वयंपाकघरातलंच बोलते. बसल्या बसल्या म्हणाली, "आजीचं काहीतरी सांगा ना." मी पुष्कळ सांगितलं. जे सांगितलं नाही ते इथे लिहिते आहे.

शनिवारी तुम्ही खडू हातात घेत नव्हता. तुमच्या ज्यू धर्मात त्या दिवशी लिहायचं नसतं, लिहिलेलं पुसायचंही नसतं, विस्तव पेटवायचा नसतो. पण शनिवारची सुट्टी मागणारी बाई आमच्या शाळेनं ठेवली नसती. म्हणून तुम्ही यायचात आणि वर्गाला सांगायचात, "आज हात दुखतोय." तुम्ही बोलायचात, पहिल्या बाकावरची मी फळ्यावर लिहायचे. खरं कारण मला ठाऊक होतं, कारण मी तुमच्या समोरच्याच खोलीत राहत होते, आणि शाळा सुटली की तुमचा स्टो मी पेटवायचे. तुम्ही कधी "पेटव" म्हणाला नाहीत. "चहाची तलफ आलीय बघ," एवढंच. मुलांच्या मासिकात तुमच्या गोष्टी यायच्या. शनिवारी एखादी सुचली की मला दोन वाक्यं सांगून ठेवायचात, "उद्या आठवण कर गं."

तेव्हा गिरणगावात रोज मोर्चे निघत होते. एका शनिवारी घंटेआधी मी फळाभर लिहिलं: मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. तुम्ही आत आलात, वाचलंत. तेवढ्यात हेडमास्तर दारात उभे. "कोणी लिहिलं हे?" तुम्ही म्हणता, "माझ्या वर्गात लिहिलं गेलंय, सर." "मग तुम्हीच पुसा. मुलींनी नाही, तुम्ही." ते डस्टर तुमच्यापुढे धरतात. तुम्ही हात मागे घेता. "आज नाही पुसणार." वर्ग बाकं बडवू लागतो, टाळ्या पडतात. मीही वाजवते. माझ्या बोटांवरचा खडू उडतो. मी उठून "मी लिहिलंय, मीच पुसते," म्हणायला हवं आहे. पण टाळ्या फार छान वाटत असतात.

दुपारी मी तुमच्याकडे आले. स्टो पेटवला. तुम्ही कप हातात धरून म्हणालात, "शेवटी ओळ वर चढत गेली तुझी. घाई केलीस." मग कप खाली ठेवून म्हणालात, "महाराष्ट्र मलाही हवाय. पण त्या टाळ्या ज्याला पडल्या, ते मी केलं नव्हतं, बाळ." सोमवारी हेडमास्तरांनी तुमच्याकडचं मराठी काढून घेतलं आणि शिवणाचा तास दिला. निवृत्त होईपर्यंत तुम्ही मुलींना काजं करायला शिकवत राहिलात. गोष्टी हळूहळू थांबल्या. शनिवारी मी विचारायचे, "काही लक्षात ठेवायचंय का?" तुम्ही म्हणायचात, "नाही गं. चहा टाक."

तुम्ही वारल्यावर मी हा प्रसंग पहिल्यांदा दादरच्या एका सभेत सांगितला. डस्टर नाकारणाऱ्या बाई, असा. शनिवार वगळला. लोकांना आवडला. मग दर महाराष्ट्र दिनाला कुणी ना कुणी बोलावू लागलं. मी इतक्या वेळा सांगितला की आता माझ्या सांगण्यात तुमचा आवाज चढतो. तुमचा आवाज कधी चढला नव्हता.

नातीलाही तोच सांगितला. तिचे डोळे भरले. मग ती म्हणाली, "पण आजी तर शनिवारी पेनसुद्धा हातात घ्यायची नाही. मग शाळेत फळ्यावर कोण लिहायचं?" तो प्रसंग कुठल्या वारचा, हे तिला मी सांगितलंच नव्हतं. सांगायला तीच वेळ होती. मी म्हटलं, "असेल वर्गातली कुणीतरी मुलगी," आणि चहा टाकायला उठले.

तिचा पत्ता तिनं लिहून ठेवला आहे. हे पाठवलं तर तिला शनिवारही कळेल आणि ती मुलगीही. पण पाठवणार नाही, बाई. यंदाही शिवाजी पार्कात बोलावलं आहे, आणि मी काल हो म्हणून टाकलं.