चाँदबीचा शीरखुर्मा

१८ जुलै १९५०
काल ईद. दुबलगुंडीला एका अडलेल्या बाळंतिणीसाठी गेले होते. ती सुटली, मी हात धुतेय तोवर गल्लीत ओरडा. सिद्धण्णाची नागू, नऊ वर्षांची, बापाच्या हातात लोळागोळा. ओठ सुजून उलटे झालेले, अंगभर गांध्या, श्वास आत ओढताना शीळ. नाडी हाताला लागेना. अॅड्रेनॅलिनची सुई दिली, थोड्या वेळानं आणखी एक. मग उलटी झाली, मग रडली. पोरीचं रडणं इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.

शेजारच्या चाँदबीकडे शीरखुर्मा खाल्ला होता. चोरून. लिंगायताच्या पोरीनं. दोन घास.

पोर डोळे उघडते न उघडते तोच सिद्धण्णा ओट्यावर उभा राहून गावाला सांगायला लागला, "विष घातलं बघा तिनं! माझ्या लेकराला विष!" मी म्हटलं, विष असतं तर माझ्या सुईनं असं उतरलं नसतं. कोण ऐकतंय.

मी काल गावात नसते तर. पुढे लिहवत नाही.

१९ जुलै
नागूला तालुक्याच्या माझ्या दवाखान्यात ठेवून घेतलंय. गांध्या उतरल्या. भाकरी-दूध खाल्लं. तिच्याशी बोलले. दरवर्षी ईदेला चाँदबीकडे खाते, कधी काही झालं नाही. मग यंदा काय निराळं होतं? "यंदा काजू हुते," म्हणाली. चाँदबीच्या भाच्यानं हैदराबादहून आणलेले. दरवर्षी नुसती खारीक, खोबरं, चारोळी.

काजू. कॉलेजात असताना यावर एकच तास झाला होता. एखाद्याच्या शरीराला एखादं अन्न शत्रू वाटतं, दुसऱ्याला त्याचं काहीच नाही. पुस्तक काढून पुन्हा वाचलं. ओळ न् ओळ नागूची.

२० जुलै
पोलीस अमीनानं चाँदबीला धरून आणलं. शीरखुर्म्याचं पातेलं हैदराबादला तपासायला पाठवलं. मी ठाण्यात गेले. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून. मला बघून पहिला प्रश्न, "अम्मा, पोरगी कैसी है?" बरी आहे म्हटल्यावर पदरात तोंड घालून रडली. स्वतःसाठी एक शब्द नाही.

पन्नाशीची बाई. पोरबाळ नाही. नवरा अठ्ठेचाळीसच्या पोलीस कारवाईच्या धामधुमीत गेला, कसा गेला हे कुणी सांगत नाही, मीही विचारत नाही. आणि सिद्धण्णाचा धाकटा भाऊ त्याच्या आदल्या वर्षी रझाकारांनी नेला, परत आला नाही. सिद्धण्णा मला म्हणाला, "अक्का, तुमाला काय ठावं? त्यान्ला आमचं एक घेऊन पोट भरलं न्हाई." दुःख खरं आहे त्याचं. म्हणून दुसऱ्या कुणाच्या गळ्यात ते बांधायचं? भावाला नेलं त्या घोडेस्वारांत चाँदबी होती काय?

अमीनाला काजूचं सांगितलं. तो हसला. पान खाऊन हसला. हात शिवशिवत होते माझे.

२४ जुलै
जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जन साहेबांना भेटले. (इथून पुढे सा. पूर्ण लिहायची इच्छा नाही.) सगळं सांगितलं, पुस्तक पुढे ठेवलं. चहा पीत ऐकलं. मग, "बाई, काजू हा मेवा आहे. गोऱ्यांची नाजूक पोरं असल्या आजारांनी मरतात. आपल्या शेतकऱ्यांची पोरं दगड पचवतात." कचेरीतला शिरस्तेदारही हसला. मी म्हटलं, तिची नाडी मी पाहिलीय, तुम्ही नाही. त्यावर, "तुम्ही बाळंतपणं चांगली करता म्हणतात."

परत येताना मोटारीत सबंध वेळ दात आवळलेले. घरी आल्यावर जबडा दुखत होता.

२७ जुलै
सिद्धण्णाला निरोप धाडला होता, पोरीच्या हातावर बारीक ओरखडे काढून बघायचंय, इजा नाही. उत्तर: माझ्या पोरीवर आता कुणाचेच प्रयोग नकोत.

आज बाजार. गुरुबाई, नागूची आई, बाजाराचं निमित्त करून पोरीला घेऊन आपण होऊन आली. "मालकाला ठावं न्हाई. लवकर करा, अक्का."

नागूच्या हाताच्या आतल्या बाजूला ओळीनं ओरखडे. एकावर दूध, एकावर गव्हाचं पीठ, मग खारीक, चारोळी, काजू, सगळं मिठाच्या पाण्यात कालवून. तसेच माझ्या हातावर. सुई भरून उशाशी. माझ्या हातावर काही नाही. नागूच्या हातावर दूध, गहू, खारीक, चारोळी, काही नाही. काजूच्या जागी आधी खाज, मग लाल, मग पांढरी फुगीर गांधी, रुपयाएवढी.

मला नाचावंसं वाटत होतं. गुरुबाईकडे पाहिलं तर ती पांढरीफटक.

"हे असंच आलतं, अक्का. अंगभर."
"कधी?"
"निंबर्ग्याला. माझ्या माहेरी लग्नात गव्हाची हुग्गी खाल्ली हुती, काजू घातलेली. आंग सुजलं, आवाज बसला, भडाभडा वकली अन् उतरलं. आमी म्हनलं, दृष्ट लागली."
"हे कामून सांगितलं न्हाई? एक बाई ठाण्यात बसलीय!"
"कुनाला सांगू? मालक चावडीत बोलून बसलेत." मग अगदी हळू, "हुग्गी माझ्या भावानं वाढलती."

म्हणजे तिलाही कळतं. चाँदबी विषारी ठरली तर तिचा भाऊही ठरतो. कळतं आणि तरी दहा दिवस गप्प. मी तिच्यावर ओरडले. फार ओरडले. नागू आईच्या मागे लपली.

३१ जुलै
ओरखड्यांचा निकाल अमीनाला सांगितला. "हातावर फोड आला, त्याचा पोटातल्या विषाशी काय संबंध?" गुरुबाईनं चावडीत सांगावं म्हणून निरोप धाडला, तो तसाच परत आला.

५ ऑगस्ट
हैदराबादहून पातेल्याचा निकाल. विष नाही. आता तरी? अमीन म्हणतो, काही विषं सापडतच नाहीत. मग तपासायला पाठवलं कशाला, हा प्रश्न मी मोठ्यानं विचारला. ठाण्यात बाईमाणसानं आवाज चढवू नये म्हणे.

आणि आज जीपमधून सा. हजर. ओरखड्यांचं कुणीतरी कानावर घातलं असावं. पुन्हा करून दाखवा म्हणाले. पोरीला पुन्हा टोचणार नाही म्हटलं, निकाल लिहून ठेवलाय तो वाचा. वाचला, आणि माणूसच बदलला. डोळे चमकायला लागले. "आपल्या मुलखात असं कुणी नोंदलेलं नाही, बाई! हे डॉक्टरांच्या सभेपुढे मांडलं पाहिजे."

मला क्षणभर, अगदी क्षणभर, आनंद झाला.

पुढचं वाक्य: "पण ओरखड्यांवर कुणी विश्वास ठेवणार नाही. मुलीला चार डॉक्टरांसमोर काजू खायला घालू. सुई हाताशी असेल. मी स्वतः असेन ना."

ती मेली तर? "तशी वेळ येणार नाही." कशावरून? शेतकऱ्यांची पोरं दगड पचवतात, याची आठवण करून दिली. राग आला त्यांना. येऊ दे.

८ ऑगस्ट
सिद्धण्णा तयार झाला! सा. नी त्याला गाठून सांगितलं, काजू खाऊन काही झालं नाही तर तुमचं विष सिद्ध. ज्या बापाला पोरीच्या हातावर ओरखडा नको होता, त्याला आता घशात घास चालतो. दुबलगुंडीला गेले. तोंडावर बोलले.

"तुमाला खरं करायचंय का पोरगी जगवायचीय?"
"दोन्ही," म्हणाला. "मी खोटा न्हाई, अक्का. मी खोटा असलो तर..."
त्याच्या डोळ्यांत भीती होती. ती बघून जास्तच संताप आला. भीती आहे, म्हणजे आत कुठंतरी ठाऊक आहे.

गुरुबाई चुलीपुढे. मान वर केली नाही.

९ ऑगस्ट
चाँदबीला सांगायला गेले. तिला सांगणं भाग होतं. पोरगी काजू खाऊन पुन्हा पडली तर चाँदबी सुटेल, हे अमीनानं तिला आधीच ऐकवलं होतं. वाटलं, हरखली असेल.

गजाला धरून उभी राहिली. "नक्को अम्मा. बच्ची को नक्को खिलाओ."
"मग तुम्ही?"
"मै इधरच ठीक हूँ."

तशीच बाहेर पडले. शिपायानं विचारलं, बाई, बरं वाटंना का? मी त्याच्यावरही खेकसले.

१२ ऑगस्ट
सा. ना सांगितलं: माझ्या दवाखान्यात हे होणार नाही. "मग जिल्ह्याला होईल." मी लेखी विरोध करीन. "मग बदली होईल." कुठे? "आउरादच्या पलीकडे कुठेतरी. तेलुगू शिका." तेलुगू येतं मला.

संध्याकाळी, खटला ज्यांच्यापुढे चालणार त्या मुन्सिफांच्या घरी गेले. म्हातारे, उर्दू मिसळलेलं मराठी बोलतात. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "पोरीला खिलवायची गरज नाही. आधी असं झालं होतं, दुसऱ्याच्या हातचं खाऊन, हे घरच्या माणसानं हलफ घेऊन, शपथेवर सांगितलं तर मला पुरे. तुमचं ऐकीव नको. ज्यानं पाहिलं त्यानं सांगावं."

ज्यानं पाहिलं. म्हणजे गुरुबाई. सगळं त्या एका तोंडावर येऊन थांबलंय.

१४ ऑगस्ट
गुरुबाईला विहिरीवर गाठलं. या खेपेला ओरडले नाही. मुन्सिफ काय म्हणाले ते सांगितलं. घागर भरून काठोकाठ झाली तरी तिनं पोहरा थांबवला नाही.
"घरात ठेवतील का मला, अक्का?"
ठेवतील, असं खोटं बोलायला हवं होतं काय? मी म्हटलं, ठाऊक न्हाई. नाही ठेवलं तर माझ्याकडे ये.
"अन् नागू?"
"तिलाही आण."
घागर डोक्यावर घेऊन गेली.

रात्रंदिवस एकच चीड. पोरीच्या गळ्यात जे अडकलं ते मी सुईनं सोडवलं. या मोठ्या माणसांच्या गळ्यात जे अडकलंय त्यावर काय टोचू?

२१ ऑगस्ट. अदालतीच्या ओट्यावर
पेन्सिलीनं लिहितेय. सिद्धण्णा गाडीतून आला, गावातली माणसं घेऊन. सा. ची जीप फाटकाशी, आत दोन पाहुणे डॉक्टर. गुरुबाई बोलली नाही तर पोरीला इथूनच काजू खिलवायला न्यायची तयारी दिसते. निर्लज्ज!

चाँदबी शिपायाजवळ खाली बसलेली. किती वाळलीय.

आता गुरुबाई आली. पायी. एकटीच, नागूला घेऊन. नागूनं चाँदबीला पाहिलं आणि "खाला!" म्हणून धावली. सिद्धण्णानं मधेच दंड धरला. पोर रडायला लागली. चाँदबीनं हातानंच खूण केली, नक्को, जा, आईकडे जा.

शिपाई दारात येऊन ओरडला, "गुरुबाई, जौजे सिद्धण्णा!"

गुरुबाई उठली. सिद्धण्णा म्हणाला, "बस खाली." मोठ्यानं नाही. विनवल्यासारखा.

ती त्याच्याकडे बघत उभीच. मग त्याच्या मुठीतून नागूचा दंड सोडवला, पोरीला माझ्याकडे दिलं, पदर डोक्यावर घेतला.

आत गेली. दार लोटलं. मी कान लावून आहे, नागू माझ्या कुशीत, सिद्धण्णा दोन हात अंतरावर उभा, दाराकडे टक लावून. आतून हलफ देणाऱ्याचा आवाज येतोय. तिचा अजून नाही.