सोडलेली साखर

सगुणे,

आठ दिवसांमागं तू धाडहून देऊळघाटले माह्या घरी आली. लढाईपायी साखर इतकी महाग झाली, का माह्या डब्यात मुंग्याबी येत नाहीत. पण तुले हे सांगाची लाज वाटली. म्हणून म्हटलं, "चातुर्मासाची मी साखर सोडली, बाई. चहा नाही होत आमच्याकडं."

तू झटकन म्हणाली, "मीबी सोडली! माह्या घरीबी चहा भेटणार नाही."

तू गेल्यावर सून हसतच सुटली. "आत्याबाई, चातुर्मास कधीचा सरला. तुळशीचं लगन लागून महिना झाला!"

मी खोटं बोलली ते बोलली, पण तू काऊन बोलली व? म्हणजे तुह्याबी डब्यात खडखडाटच! मले इतका आनंद झाला, का तोंडात पदर धरून हसली. तुले खर्चात पाडू नाही म्हणून मी वर्षभर तुह्या गावी, धाडले, आली नाही. तूबी त्याच्यानंच वर्षानं उगवली असशील, येडे.

हे पत्र टपालात टाकत नाही. तुही फजिती मले समोर बसून पाहाची हाये. उद्या बाजाराच्या बैलगाडीत बसून मीच हे घेऊन येते. वाचून झालं का गुळाचा चहा ठेव. गूळबी नसन तर सरळ सांग, घोटभर पाणी पिऊन भांडू.

तुह्याइतकीच खोटारडी,
भागीरथी