सगळ्यात लांबचा दगड

३ नोव्हेंबर

म्हणे तुटक रेघ! मला! काल बहिणीचा, कोमलचा फोन आपटून ठेवला तरी डोकं शांत न्हाई, म्हणून हितं लिहितो. सातवीपर्यंतची अक्षरं आहेत. वाकडी आली तर कोण बघतंय.

आईला झोप न्हाई. बा उन्हाळ्यात गेला तेव्हापासून. आधी वाटलं दुःख आहे, निवळंल. दिवाळी गेली तरी तेच. मग कोमलनं तिला वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या. आणि तिथं शेफाली मॅडम म्हणून एक आहे, माणसाला बोलतं करून त्याचं मनातलं दुखणं काढायचं तिचं काम. ती चढ चढून आमच्या वस्तीवर आली. आईला कुणाकुणाचा आधार आहे त्याचा नकाशा काढला. कोमलनं त्या कागदाचा फोटो पाठवला.

मधी गोल – भामाबाई, म्हणजे आई. भवतीनं बाकीचे गोल. जाड रेघ म्हणजे घट्ट नातं, तुटक म्हणजे नावापुरतं. कोमलला जाड. शेजारच्या अंबूबाईला जाड. शेरडांना जाड – शेरडांना! आणि पार कागदाच्या कडंला एक गोल, रायबा. त्याला तुटक.

दर महिन्याला हितनं माझे सहा हजार जातात ते कुठल्या रेघेवरनं जातात?

५ नोव्हेंबर

मॅडमला फोन केला. ती गोड बोलते, त्याचाच जास्त राग येतो. म्हणाली, तुझ्याकडून आईकडं बाण काढलाय की, त्यावर 'पैसे' लिहिलंय. म्हटलं बाण नको मला, रेघ नीट करा.

"रायबा, रेघा मी मनानं काढत नाही. आईंना लिहिता येत नाही, म्हणून त्यांना अंगणातले दगड घ्यायला सांगितले. एकेक माणूस, एकेक दगड. जवळचा वाटतो तो जवळ ठेवा म्हटलं. तुझा दगड त्यांनी उचलला, उठल्या, चालत गेल्या आणि सगळ्यात लांब ठेवून आल्या."

चालत! बसल्या जागी हात पुरंना एवढा लांब.

विचारलं, ठेवताना काय बोलली का? तर न्हाई म्हणे. ठेवून हात झटकले फक्त.

हात झटकले. बरं.

६ नोव्हेंबर

भट्टीवर दोन पाळ्या केल्या. फरशीच्या टायली मोजल्या, खोकी बांधली. हितं गुजरातेत, मोरबीत माझ्याशी मराठीत बोलणारं कोण न्हाई, तेच बरं.

८ नोव्हेंबर

मार्गासनीवरनं सोनबा मामाचा फोन. बहिणीला खाली आपल्या घरी आणणार म्हणतो. रस्त्याला घर, दवाखाना जवळ. वर डोंगरात दोघी बायाच, त्यात हिचं हे असं. शेरडं विकायची. शिवऱ्याचा व्यापारी बघून ठेवलाय, रविवारी टेम्पो खालच्या रस्त्याला लागणार. "तू घरचा कर्ता, तुझा होकार पायजे."

कर्ता म्हणे! म्हटलं मामा, कर्ता कागदाच्या कडंला आहे, जाड रेघवाल्यांना इचारा. मामाला काय कळंना. "सकाळी सकाळी घेतलीस काय रं?" म्हणाला.

शेवटी म्हणालो, इका. होऊन जाऊ द्या. शेरडं गेली की बघू ती जाड रेघ कुणाला जोडती.

हे लिहून बरं वाटलं न्हाई. तरी खोडत न्हाई.

९ नोव्हेंबर

कोमलचा फोन. तिनं नमस्कार-चमत्कार काय केला न्हाई. "लई शाना झालास मोरबीत. शेरडं तू राखतोस व्हय, इका म्हणायला?" आईला कळल्यापासून ती जेवली न्हाई म्हणे. बोलत पण न्हाई.

म्हटलं, रातभर जागून ती करती तरी काय? सहा महिने झाले, हे मी आजच विचारलं.

"काय करत न्हाई. कुंपणाच्या ताटीपाशी जाती, उभी ऱ्हाती, परत येती. परत जाती. गोळी घेतली की झोकांड्या खात जाती, पण जातीच."

मॅडमला सांगितलंय म्हणे, ती त्याला बेचैनी म्हणती. कोमलनं त्या दगडांचा पण फोटो काढला होता. म्हटलं पाठव. फोटोपुरती रेंज वर टेकाडावरच, तिथं गेली की पाठवते म्हणाली.

१० नोव्हेंबर

फोटो आला. आधी नुसते दगड दिसले. मग मोबाईल आडवा धरला, आणि भट्टीच्या बाजूला खाली बसलो.

हा नकाशा न्हाई. हे आमचं अंगण आहे.

आई स्वतः चुलीच्या जागी. तिला चिकटून दोन बारके दगड – एक कोमल, दुसरा लंगडी शेळी असणार. अंबूबाईचा दगड तिचं खोपटं आहे त्या अंगाला. मग खडेच खडे, गोलात, ती शेरडं. त्यांच्या भवतीनं तिनं काटक्या टाकल्यात, म्हणजे काट्याचं कुंपण. कुंपणाला एक तोंड सोडलंय. त्या तोंडात मी. बाकीचे दगड मुठीत मावतील असले. माझा दोन हातांनी उचलावा लागंल एवढा. मग हात झटकंल न्हाईतर काय करंल!

त्या तोंडाला ताटी लावून बा तिथंच झोपायचा, ताटीला पाठ देऊन. थंडी असो, पाऊस असो. बिबट्या आला तर आधी त्याच्या अंगावरनं. कोवळं, आजारी, बायामाणसं आत चुलीपाशी. धडधाकट असंल तो तोंडाला. तिनं मॅडमचं जवळ-लांब ऐकलंच न्हाई. ज्याला त्याला जाग्यावर ठेवलं.

मॅडमला कसं कळावं. मला कळायला पायजे होतं.

बा गेल्यापासून तिथं कोण झोपत न्हाई. तीच उठती, बघून येती. आणि आम्ही तिला झोपेच्या गोळ्या चारतोय.

११ नोव्हेंबर

सकाळीच मामाला फोन. शेरडं इकायची न्हाईत. मामानं पोटभर शिव्या दिल्या – व्यापाऱ्याला काय तोंड दाखवू, तुझ्या जिभेला हाड हाय का. ऐकून घेतल्या. टेम्पो येणार न्हाई, एवढं वदवून घेतलं.

मग मॅडमला दगडांचं सांगितलं. ती म्हणाली, गोळ्यांचं डॉक्टरांशी बोलते, एकदम बंद करू नका. आणि विचारलं, "मग तुझी रेघ जाड करू ना?"

म्हटलं, ऱ्हाऊ द्या तुटकच. तिथं अजून कोण आलेलं न्हाई.

१२ नोव्हेंबर

ठेकेदार म्हणतो, आत्ता गेलास तर पगार पुढल्या महिन्यात, आणि परत जागा मिळंल का सांगत न्हाई. तरी गावाकडचं तिकीट काढलं. कोमलला म्हटलं, बाची घोंगडी उन्हात टाक. त्याची बॅटरी खुंटीला असंल, तिला सेल आण. सेलचे पैसे पाठवले – एकशे ऐंशी रुपये.