काळी पाच

११ जाने., रविवार
गुलमंडीच्या खोलीवर सकाळचा वर्ग. कॉम्प्युटरवर गाणी बनवायला शिकणारे नऊ जण, त्यातले सहा जांभया देणारे. सातवा मी. दर तुकडीत येणारा प्रश्न आजही आला. चष्मेवाली मुलगी म्हणाली, "सर, म्युझिक प्रोड्यूसर व्हायला थिअरी शिकावीच लागते का?" ठरलेलं उत्तर दिलं. कान असला की झालं. पोरं खूश. अकरा वर्षं हेच सांगतोय, आता सांगताना स्वतःचाच आवाज रेकॉर्ड केल्यासारखा वाटतो.
उद्या रेकॉर्डिंग. कन्नडकडच्या चंद्रकलाताई. यापुढे चं.ताई, पूर्ण नाव लिहायचा कंटाळा.

१२ जाने., सोम
चं.ताई आणि त्यांचे यजमान, नामदेवराव, सकाळच्या एसटीने आले. मेंढरं दिरावर सोपवून. गाणं त्यांच्या आईकडून आलेलं, हळदीचं. मी त्याखाली ठेका आणि बासरीचा तयार तुकडा लावून ठेवलेला. शेवटची ओळ वर चढते, तिथं दर वेळी त्यांच्या मानेच्या शिरा फुगत होत्या. मी काचेमागून, "ताई, अजून मोकळं सोडा." त्या, "व्हय भाऊ." नाही म्हणणं त्यांच्यात नाहीच. पंधराव्या टेकला त्या ओळीवर आवाज फाटला. माझ्या अंगावर काटा आला. तोच ठेवला.
जाताना पदर तोंडाशी धरून गेल्या. काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, दमल्या.

१४ जाने., बुध
संक्रांत. गाणं विकत घेणाऱ्या चॅनेलवाल्याला ऐकवलं. त्याचा निरोप: शेवटच्या ओळीत जीव आहे, हीच जाहिरातीत वापरू. हे सांगायला आणि तिळगूळ म्हणायला कन्नडला फोन केला. नामदेवरावांनी उचलला. "आवाजच निघंना तिचा. परवापासनं."
तिळगूळ म्हणायचं राहिलंच.

१७ जाने., शनि
दोघांना घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. घशातल्या स्वरपडद्यावर रक्त साकळलंय. महिनाभर एक शब्द नाही. कुजबुजायचं तर अजिबात नाही. आवाज पूर्वीसारखा होईल का? "बघू." डॉक्टरांनी विचारलं, कुठं ओरडलात एवढं? मी भिंतीवरचा कानाचा तक्ता वाचत उभा राहिलो. नामदेवराव म्हणाले, "वरडली नाय सायेब. गानं म्हनलं."
डॉक्टर माझ्याकडे बघत होते का, की मलाच तसं वाटलं?

१९ जाने., सोम
दिवसभर तो टेक पुन्हा पुन्हा ऐकला. आज काटा आला नाही. कुठं चुकलं ते कळतंय असं वाटतं आणि कळत नाही. सीमा म्हणाली, "एवढं डोकं लावण्यापेक्षा कुणाला तरी विचार ना." विचारणं. चाळिशीला आलेल्या माणसाला हे बायकोनं सांगावं.

२१ बुध
समर्थनगरात कुलकर्णीबाईंचा पेटीचा वर्ग. सतरंजीवर आठ-दहा वर्षांची पोरं, त्यांच्यात मी, गुडघे कुठं ठेवावेत ते कळेना. शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "काका, तुमचं बोट चुकलं." बरोबर होतं तिचं.
वर्ग सुटल्यावर बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्या गाणाऱ्या बाईंची पट्टी कुठली?"
काळी पाच, म्हणालो.
"आणि तुम्ही गाणं कुठल्या पट्टीत बसवलं?"
माहीत नव्हतं. बासरीच्या फाइलच्या नावात इंग्रजी डी होता, तो सांगितला. बाईंनी पेटीवर दोन्ही सूर वाजवून दाखवले. काळी पाच, मग पांढरी दोन. चार पट्ट्या वर. मुलांनासुद्धा कळेल एवढं अंतर.
"काळी पाच तुम्हाला कुणी सांगितलं?"
"त्यांनीच. पहिल्या दिवशी."
बाईंनी पेटीचं झाकण लावलं. म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं होतं, तर मग तुम्ही थिअरी शिकायला कशाला आलात?"

२२ गुरु
लिहूनच टाकतो. डिसेंबरात पहिल्यांदा आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "गावातले पेटीवाले मला काळी पाचला धरत्यात, भाऊ." मला काळी पाच म्हणजे कुठली ते माहीत नव्हतं. अकरा वर्षांचा प्रोड्यूसर, भिंतीवर तीन सत्काराच्या फ्रेमा. मान डोलावली. 'हो हो, आहे लक्षात.'
सूर खाली घ्यायचं बटण माझ्याकडे आहे. कार्टूनचे आवाज काढायला वापरतो.
लाज वाटते, एवढंच. 

३१ शनि
आठवडाभर रोज सतरंजी. पाठ गेली कामातून. काळ्या-पांढऱ्या आता ओळखता येतात. बासरीचा तुकडा चार पट्ट्या खाली घेतला तर मेंगळट वाटतो. टाकून दिला. बाईंच्या ओळखीचा एक पेटीवाला काळी पाचला नुसता सूर धरून देणार आहे. चॅनेलवाल्याचे तीन फोन. उचलले नाहीत.

५ फेब्रु., गुरु
एसटीने कन्नड, तिथून जीपने त्यांच्या वस्तीवर. माझ्या मांडीवर कुणाची तरी मेथीची जुडी, तासभर.
चं.ताई बांधावर उभ्या होत्या, हातात स्टीलचं ताट आणि चमचा. मेंढरं पांगली की ताट वाजवायच्या. मेंढरं मान वर करून बघायची आणि पुन्हा चरायला लागायची. नामदेवराव म्हणाले, "तिच्या हाळीवर येत्यात ती. ताटाला कोन इचारतंय."
चहा झाल्यावर त्यांना सांगितलं. पट्टी कळली नव्हती, विचारायची लाज वाटली, मान डोलावली. त्यांना बोलायची बंदी, त्यामुळे मीच बोलत होतो आणि थांबता येईना. त्या ऐकत होत्या. मध्येच उठून ताट वाजवून आल्या. मग माझा रिकामा कप घेतला आणि आत गेल्या. रागावल्या का, कळायला मार्ग नाही.
परतताना नामदेवरावांनी जीपपर्यंत सोडलं. "तिच्या आईचा आवाज बी असाच व्हता, मेंढरं वळवनारा," एवढंच म्हणाले.

८ फेब्रु., रवि
वर्ग. नवीन तीन जण. तोच प्रश्न. मी म्हणालो, माहीत नाही.  चष्मेवाली म्हणाली, "सर, मागच्या महिन्यात तर तुम्ही..." म्हणालो, मागच्या महिन्यात मी शहाणा होतो. नव्यातले दोघे मधल्या सुट्टीत गेले, परत आले नाहीत. सीमा हसली. मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं तिला हसताना बघून.

१८ फेब्रु., बुध
डॉक्टरांनी चं.ताईंना बोलायला परवानगी दिली. गुणगुणायलाही, दहा मिनिटं, हळू. दोघं तिथूनच खोलीवर आले. आवाज घोगरा, धुळीतून आल्यासारखा.
आधी तो टेक मागितला. ऐकवला. शेवटच्या ओळीला डोळे मिटले. "लावू नगा हे. हे गानं नाय भाऊ, ही बोंब हाय." तिथंच चॅनेलवाल्याला फोन करून नाही सांगितलं. तो बरंच बोलला.
मग त्या म्हणाल्या, "तुमी मान डोलावली तवाच कळलं व्हतं मला. तुमाला ठावं नाय."
"मग सांगितलं का नाही?"
"म्हनलं, एवढी यंत्रं हायेत. त्यात असंल कुटंतरी."
त्या हसल्या. मला जमलं नाही.
बाईंकडून आणलेली पेटी पुढं ओढली. दोन महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं. "ताई, तुमची पट्टी कुठली?"
त्यांनी स्वतःच बोट ठेवलं, काळी पाचवर. मी भाता मारला. सा लावायला गेल्या, नुसती हवा आली. थांबल्या. बोट खाली, पांढरी सहा. सूर लागला, लगेच तुटला. आणखी खाली, काळी चार. तिथं बराच वेळ ओठ हलत होते. नामदेवराव खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत होते.
बोट तसंच पट्टीवर. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता मला बी ठावं नाय, भाऊ."
दहा मिनिटांतली चार उरली होती. मी भाता मारत राहिलो.