दुसऱ्या रकान्यातील रेघा

आदरणीय व्याही डॉक्टरसाहेब यांस,

सविनय नमस्कार. आम्ही उभयता येथे खुशाल आहोत. आपल्या गुडघ्याच्या प्रकृतीचा खरा तपशील कळवावा. (सूनबाईंनी दूरध्वनीवरून सांगितले, की बाबा आता एका दमात अठरा पायऱ्या चढतात. परंतु मुलगी बापाविषयी बोलू लागली की दोन-तीन पायऱ्या पदरच्या घालते, म्हणून खात्रीचा आकडा आपल्याच हस्ताक्षरात यावा, अशी इच्छा आहे.) पुढच्या रविवारच्या पुढच्या रविवारी क्लबाच्या शर्यतीत आपली मोटार पळवायची, एवढ्यासाठी आपण हा व्यायाम दात-ओठ खाऊन करीत आहात, हेही समजले. (दंतवैद्याविषयी हा शब्दप्रयोग करावा की नाही, याचा मी थोडा वेळ विचार केला. दुसरा सुचला नाही.)

आपली मोटार सुखरूप आहे. तिला ओरखडा नाही, पोचा नाही, की तेलाचा थेंब गळालेला नाही. हे मी आरंभीच लिहून ठेवीत आहे, कारण पुढील मजकूर वाचताना आपणांस त्याचा आधार लागेल. तसेच सोमवारी क्लबात जे घडले, ते आपणांस दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावे, हे मला योग्य वाटते.

शस्त्रक्रियेसाठी मुलांकडे जाताना आपण किल्ली माझ्या हाती दिलीत आणि म्हणालात, "मी येईपर्यंत नीट ठेवा, आणि सोमवारी तेवढे क्लबात नेऊन वजन करून घ्या." एवढी मौल्यवान वस्तू आपण माझ्या स्वाधीन केलीत, याचे मला समाधान वाटले. आपणांस स्मरत असेल, मुलांचे लग्न ठरविण्याच्या बैठकीत आपण हसत हसत म्हणाला होता, की भांडारपाल माणूस आहे, यांच्या हातून एक स्क्रूसुद्धा सुटायचा नाही. सर्व मंडळी हसली. मीही हसलो. त्या गोष्टीस नऊ वर्षे झाली आणि मी ती पूर्णपणे विसरलेलो आहे.

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले (चौथीत पहिला आलो होतो, पाचवीचा वर्ग गावात नव्हता), हे आपण जाणताच. त्यानंतर अडतीस वर्षे मी मोटारींच्या सुट्या भागांच्या भांडारात खिडकीपाशी बसलो. गिऱ्हाईक बाहेरून भागाचा क्रमांक सांगे आणि मी फळीवरून भाग काढून देई. या हातांतून हजारो मोटारी गेल्या असतील, पण सुट्या सुट्या गेल्या. हा एक दिवा, ती एक कमान, तो एक पंखा. संपूर्ण जोडलेली मोटार माझ्या ताब्यात प्रथमच आली. म्हणून मी दुसऱ्याच दिवशी तिच्या पाठीमागच्या पेटीतील माहितीपुस्तिका काढली आणि हिच्याकडून चहा मागवून वाचावयास बसलो.

पुस्तिकेच्या शेवटी तक्ता आहे. पहिला रकाना साध्या मॉडेलचा आणि दुसरा तेज मॉडेलचा. आपली मोटार तेज मॉडेलची, हे आपण लग्नातसुद्धा तीन वेळा सांगितले होते, म्हणून मी दुसऱ्या रकान्यावर पट्टी ठेवून एकेक ओळ ताडून पाहिली. अश्वशक्ती साध्यास एकशे साठ, आपल्यास एकशे चौऱ्याऐंशी. स्प्रिंगा तीस मिलिमीटर आखूड. (मला वाटले होते, की मोटार बसली आहे. पण तक्त्यात आकडा आहे, तेव्हा विषय संपला.) ब्रेकच्या थाळ्या व्यासाने वीस मिलिमीटर मोठ्या आणि त्यांना भोके. त्या मी बदलणार होतो, कारण भोके पडलेला माल मी उभ्या जन्मात खिडकीबाहेर जाऊ दिलेला नाही. परंतु तक्त्याच्या तळटीपेत ती भोके मुद्दाम पाडली असल्याचे लिहिले होते. धुराची नळी साध्यास एक, आपल्यास दोन, त्याही मधोमध. येथवर सर्व ठाकठीक होते.

त्यानंतर रेघा सुरू झाल्या. रेडिओ: साध्या मॉडेलच्या रकान्यात एक, आपल्या रकान्यात आडवी रेघ. पायांखालचा गालिचा, रेघ. गालिच्याखालच्या आवाज अडविणाऱ्या गाद्या, रेघ. दारांची आतली आवरणे आणि हँडले, रेघ, व खाली टीप की त्याऐवजी कापडी पट्टी. दोन आसनांमधल्या खोबणीचे झाकण, रेघ. जादा चाक व जॅक, रेघ.

डॉक्टरसाहेब, येथे आमच्या भांडाराची पद्धत सांगणे आवश्यक आहे. आमच्या वहीत जी वस्तू नकोच, तिच्यासमोरची जागा कोरी असे. जी वस्तू हवी पण अद्याप आलेली नाही, तिच्यासमोर आडवी रेघ मारीत. वस्तू आली की त्या रेघेवर उभी रेघ मारून फुली करावयाची. अडतीस वर्षांत माझ्या वहीत वर्षअखेरीस एकही आडवी रेघ एकटी राहिलेली नाही. तेव्हा आपल्या मोटारीत ओळीने रेघा दिसताच मला एकच अर्थ लागला. विक्रेत्याने आपणांस अर्धी मोटार गळ्यात बांधली होती आणि आपण सज्जन माणूस असल्याने तपासून घेतले नव्हते.

मी ठरविले, की आपण परत याल तेव्हा मोटार पूर्ण असेल. (बैठकीतल्या त्या वाक्याचा याच्याशी संबंध नाही.)

आमच्या जुन्या भांडारामागच्या आवारात योगायोगाने याच जातीची, पण साध्या मॉडेलची, नाक चेपलेली मोटार उभी होती. तिची अंतर्गत सामग्री मला जुन्या ओळखीवर मिळाली. बसविण्याचे काम गल्लीतल्या मेकॅनिककडे दिले. त्यांना सर्व जण 'पाना' म्हणतात. ते वयाने माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत आणि बोलण्याने फार मोठे. त्यांनी मोटारीत डोके घातले, बाहेर काढले आणि म्हणाले, "बाबा, ही अशीच असते बहुतेक."

"तक्त्यात रेघ आहे," मी म्हणालो.

"रेघ म्हणजे नाही."

"नाही, म्हणूनच बसवायचे."

त्यावर पाना यांनी पान्यांची पेटी उघडली. मला तो माझा विजय वाटला. सहा दिवसांत सर्व सामान बसले आणि मी तक्त्याच्या बाजूस ठेवलेल्या कागदावर एकेक फुली केली. केवळ छताची मोटर मिळाली नाही (साध्या मॉडेलचे छत कळ दाबून उघडते, आपले हाताने ओढावे लागते). त्याबद्दल मला त्या रात्री जेवण गोड लागले नाही. आता वाटते, की न मिळाली तेच बरे झाले.

सोमवारी मोटार टेम्पोवर चढवून क्लबात नेली. (मी पुढे टेम्पोवाल्याशेजारी बसलो. सांभाळण्यास दिलेल्या वस्तूत बसणे माझ्या तत्त्वात नाही.) तेथील चिटणीस बाई स्वभावाने शिस्तीच्या आहेत, त्यामुळे प्रथमदर्शनी मला त्यांच्याविषयी आदर वाटला. त्यांनी चार चाकांखाली चार सपाट काटे सरकविले. आपल्या गटाची कमाल मर्यादा अकराशे किलो. काट्याने अकराशे सत्तेचाळीस दाखविले.

बाईंनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिले. मग दार उघडले, ते उघडताना कुरकुरले नाही, आणि रेडिओ आपोआप सुरू झाला.

"बाबा, ही तेज मॉडेल आहे ना?"

"आहे."

"मग आत हा दिवाणखाना कोणी मांडला?"

मी पुस्तिका उघडून त्यांच्यासमोर धरली आणि आमची रेघेची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी न हसता ऐकून घेतले. (मागे उभे असलेले पाना हसले.) नंतर त्यांनी सांगितले, की येथे रेघ म्हणजे ती वस्तू मुद्दाम काढलेली आहे. मोटार हलकी व्हावी म्हणून कारखान्यातल्या शहाण्या माणसांनी महिनोन् महिने डोके लढवून एकेक वस्तू कमी केली आणि मी ती सहा दिवसांत परत आणली. अंगाने पैलवान असलेल्या माणसाला मी शालजोडी पांघरवून, खिशात डबा देऊन कुस्तीला पाठविले होते.

गुरुवारी वजन पुन्हा करता येईल. तेव्हाही मर्यादेबाहेर भरली तर नोंद रद्द, आणि या वर्षी दुसरी शर्यत नाही, असे त्या म्हणाल्या. मला त्या क्षणी आपल्या अठरा पायऱ्या डोळ्यांसमोर दिसल्या. (पंधरा असल्या तरी तेवढ्याच दिसल्या असत्या.)

घरी आल्यावर हिला सर्व सांगितले. ती म्हणाली, "अहो, त्यांनी रिकामी पेटी सांभाळायला दिली आणि तुम्ही तीत आपले कपडे भरून ठेवलेत."

मंगळवार व बुधवार सामान काढण्यात गेले. बसविताना जी वस्तू मुकाट बसते, ती निघताना आढेवेढे घेते. प्रत्येक वस्तू मी घरच्या काट्यावर तोलली. जादा चाक व जॅक सोळा, गाद्या चौदा, दारांची आवरणे हँडलांसह सहा, रेडिओ व त्याचे स्पीकर पाच, गालिचा चार, झाकण एक. एकूण शेहेचाळीस. आपण दुसऱ्यांदा बेरीज करू नये, मी सात वेळा केली आहे. अकराशे सत्तेचाळीसमधून शेहेचाळीस गेले की अकराशे एक उरतात. एक किलो जास्त. ते कोठून आले, याचा उलगडा मला होईना. पत्र येथवर बुधवारी लिहून थांबलो, कारण असे पत्र टपालात टाकण्याचे धैर्य मला झाले नाही.

आज गुरुवार, सायंकाळचे पाच वाजले आहेत.

काट्याने अकराशे एकच दाखविले. चिटणीस बाई म्हणाल्या, "बाबा, एक किलोसुद्धा मला सोडता येणार नाही." मी म्हणालो, की आपण सोडलात तर मला आवडणारही नाही. (हे मी खरोखर म्हणालो, आणि म्हटल्यावर मला त्याचा पश्चात्ताप झाला.) त्यांनी दहा मिनिटे दिली. पाना मोटारीखाली गेले. मी वरून पाहू लागलो. आठव्या मिनिटाला मला तो किलो सापडला. तो कोठे होता व कशाचा होता, हे पत्राच्या मुख्य मजकुरात लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही. मी तो बाहेर काढला. काटा थोडा थरथरला आणि अकराशेवर स्थिर झाला. ना कमी, ना जास्त. अडतीस वर्षांत एवढी सुंदर बेरीज मी पाहिलेली नाही.

बाईंनी कागदावर शिक्का मारला. आपली नोंद कायम आहे. पाना यांनी मला मिठी मारण्याचा प्रयत्न केला, पण त्यांचे हात तेलकट होते.

मोटारीत मी भर घातलेली सर्व सामग्री काढून आवारात परत केली आहे. झाल्या प्रकाराबद्दल मी आपली क्षमा मागतो. नऊ वर्षांत मी कोणाची क्षमा मागितलेली नाही, तेव्हा लिहिण्याच्या पद्धतीत काही उणे असल्यास समजून घ्यावे. आपण पायऱ्या नियमाने चढाव्यात. सूनबाईंस व चिरंजीवांस आशीर्वाद. ही आपणां सर्वांस नमस्कार सांगते आणि अजून अधूनमधून हसते.

आपला नम्र व्याही,
भांडारपाल (निवृत्त)

ता. क. तो किलो आपल्या आसनावर होता. त्यावरील पांढरे आच्छादन आपण घालून गेला होता, म्हणून मी ते आजपर्यंत एकदाही उचलले नव्हते. आज उचलले. खाली निळ्या कापडाची, कडेने हातशिलाई केलेली जाड उशी निघाली. भार एक किलो दोनशे ग्रॅम. तक्त्यात उशीचा आकडा नाही आणि रेघही नाही. ते आसन फार खोल आहे आणि त्यातून रस्ता दिसण्यास माणूस उंच असावा लागतो, हे मी समजू शकतो. चालकाची टोपी मोटारीच्या वजनात धरीत नाहीत, त्याच न्यायाने ही उशी मी चालकाच्या कपड्यांत धरली आहे आणि शिक्का बसल्यावर जागच्या जागी ठेवली आहे. मधला वेळ मी ती कोटाखाली धरून उभा होतो. याविषयी मी कोणाशी, हिच्याशीसुद्धा, बोललेलो नाही व बोलणार नाही.

ता. क. २. वर 'सर्व सामग्री' असे लिहिले आहे, त्यात एक दुरुस्ती. चालकाशेजारच्या दाराचे आतले हँडल मी तोलून पुन्हा जागच्या जागी बसविले आहे. त्याचे वजन दोनशे ग्रॅम असून ते आजच्या अकराशेत धरलेले आहे. (क्लबाचा काटा किलोखालचे आकडे दाखवीत नाही.) कापडी पट्टी तरुण माणसास पुरते. वयस्क माणसास धरावयास काही घट्ट असलेले बरे.

ता. क. ३. चिटणीस बाईंकडे सहज चौकशी केली. शर्यतीत चालकाने एकट्यानेच बसावयाचे असते, परंतु सकाळच्या सरावाच्या फेरीत शेजारी एक माणूस घेण्यास हरकत नाही. माझे वजन सोमवारी अठ्ठावन्न किलो होते. साखर सोडल्याने आज सत्तावन्न भरले. आणि पुस्तिकेतील तक्ता मी घरी आल्यावर पुन्हा एकदा पट्टी ठेवून पाहिला. 'आसने' या ओळीत पहिल्या रकान्यात दोन आहेत आणि दुसऱ्या रकान्यातही दोन आहेत. तेथे रेघ नाही.