विहारामागची पेटी

१२ फेब्रुवारी १९८६

प्रयोगाची पेटी अखेर कळंबहून आणली! मी शिकवतो त्या कॉलेजात नको झालं होतं — खिडकीखालून धान्याचे ट्रक, वर्गात बाकांची आदळआपट. इथं भीमनगरात, बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत कोण येतंय? विहाराचं सगळं बघणाऱ्या तात्यारावांनी किल्ली काढून दिली. कशाला हवी, तेही विचारलं नाही.

१३ फेब्रुवारी

मायनं मात्र विचारलं. सांगितलं — पेटीत बारीक दिवा, पुढं काजळी धरलेल्या काचा, मग दोन फटी, शेवटी फोटोची प्लेट. उजेड इतका मंद की त्याचा एकेक कण सुटा यावा. तरी बऱ्याच दिवसांनी प्लेटवर पट्ट्या उमटतात, जणू प्रत्येक कण एकाच वेळी दोन्ही फटींतून आला! पण बाहेरचा धक्का लागला की मेळ मोडतो. उजेड तेवढाच पडतो, पट्ट्या पुसल्या जातात.

माय मग म्हणाली, "म्हंजे त्येला कुणाची चाहूल लागू द्यायची न्हाय."

जवळपास तसंच.

२ मार्च

पहिली प्लेट कळंबच्या फोटो स्टुडिओत धुतली. नुसती राखाडी. दार आपटतं म्हणून असेल. चौकटीला चिंध्या लावल्या. एप्रिलअखेर औरंगाबादला राघवेंद्र सरांना चांगली प्लेट दाखवायची, नाहीतर पीएच.डी.ची नोंदणी जाते. भीमनगरातून इथवर पोचलेला मी पहिलाच. हे मला कुणी विसरू देत नाही.

५ मार्च

बोअरची गाडी आली! किती वर्षांचे अर्ज, किती हेलपाटे! भीमनगरला स्वतःचा हापसा होणार. मळ्यातल्या विहिरीवर बाया ताटकळत बसतात, कुणी वरून ओतलं तर घागर भरते. ते आता संपेल. फक्त जमिनीतलं पाणी सांगणाऱ्या पाणाड्यानं जागा दाखवली ती नेमकी विहाराला लागून.

६ मार्च

भिंतीवरचं कॅलेंडर थरथरतंय. पेटीखाली गोधडी घातली. उपयोग शून्य.

७ मार्च

काळा दगड लागलाय. दिवसभर दणके. जेवताना तोंडून गेलं — हे धूड चार दिवस बंद पडलं तर बरं होईल! लगेच जीभ चावली. माझी मलाच लाज वाटली. मायनं भाकरी वाढली.

८ मार्च

सकाळपासून शांत! गाडी नुसती उभी आहे, यंत्र बिघडलं असावं. नवी प्लेट लावली. आता परीक्षेची ड्युटी, मुक्काम कळंबला.

२१ मार्च

प्लेट न्यायला आलो. गाडी दिसली नाही. काम आटोपलं असणार, हापसा मागाहून बसवतात म्हणे. घरीही न डोकावता त्याच एस.टी.नं परत फिरलो.

संध्याकाळ — उमटल्या! स्वच्छ, सरळ पट्ट्या. स्टुडिओवाल्यासमोर डोळ्यांत पाणी आलं.

२२ मार्च

प्लेट घेऊन धावत तात्यारावांकडं गेलो. त्यांनी ती उजेडात धरली, खूप वेळ पाहिली, मान डोलावली. मी हापश्याचं विचारलं. मग कळलं.

बोअर अर्धवटच आहे. मायनं माझं बोलणं त्यांच्या कानावर घातलं होतं. त्यांनी गाडीवाल्यांना चार दिवस थांबायला सांगितलं. ते म्हणाले, थांबता येत नाही, पुढं जळकोटला लागायचंय. आता सोडलं तर नंबर गेला. वस्ती विहारात बसली. बायांनाही विचारलं. सगळ्यांत आधी मायच बोलली म्हणे — "आमी आजवर पाणी वाहिलंय, आणिक वाहू."

गाडी परत लावून दिली. त्यानंतर पोरांना विहाराकडं फिरकू दिलं नाही. रविवारची वंदनासुद्धा तोंडातल्या तोंडात म्हटली.

मी तिथंच बसून रडलो. तात्याराव म्हणाले, "आमी म्होरचं बघू. तू ती काच संबाळून न्हे."

२३ मार्च

सरांना पाठवायचं टिपण. शेवटी लिहावंच लागतं — 'प्रयोगादरम्यान बाहेरचा कोणताही उपद्रव नव्हता.' लिहिलं. खरंच आहे ते.

माय अजून पाण्यावरून आलेली नाही.